चार कड्यांची खुर्ची

एकाच वस्तूकडून पाच कामं करून घ्यावीत, हे तत्त्व ज्या कुणी शोधून काढलं त्याच्या घरात तो एकटाच राहत असला पाहिजे. घरात दुसरं माणूस असलं की एक जण त्या वस्तूवर बसतो, त्याच वेळी दुसऱ्याला ती चढायला हवी असते, आणि तिसऱ्याला... पण तिसऱ्याचं मागाहून सांगतो. त्याला ती वस्तू कशाला हवी होती, हे त्या दिवसांत आमच्या घरात बोलायची चोरी होती.

मी रघुनाथ. रत्नागिरीच्या बंदरावर आगबोटीच्या हापिसात तिकिटं देतो. तिकिटाच्या खिडकीत बसणारा माणूस म्हणजे काही कलेक्टर नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण गणपतीच्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्यांची झुंबड उडते तेव्हा भलेभले त्या खिडकीपुढे 'रघूभाऊ, रघूभाऊ' करत उभे असतात. मी रस्त्यानं निघालो की माणसं पान थुंकून बोलायची. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी हकीकत ही अब्रू कशी गेली याचीच आहे.

त्या साली माझ्या बायकोला, विमलाला, दिवस गेले होते. याआधी दोनदा आनंद आमच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परत गेला होता. म्हणून माझी आत्या, गोदूआत्या, जी आमच्या घरातली वडीलधारी आणि हायकोर्ट, तिनं या खेपेला कडक हुकूम काढला होता, की पोर हातात येईपर्यंत कसलीही तयारी करायची नाही. दुपटं नाही, टोपडं नाही, घुटीचं सामान नाही. बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत, ही तर आमच्याकडची जुनीच रीत. आत्यानं ती एक पाऊल पुढं नेली. पाळणा घरात यायचा नाही आणि त्याचं नावही घरात यायचं नाही. विमलानं हे सगळं निमूट मान्य केलं. आळीतल्या पोरांकडे बघायचंसुद्धा तिनं सोडलं, आणि ते मला बघवत नव्हतं.

आता अडचण समजून घ्या. पाळणा करावा तर तो पालीच्या धोंडू सुतारानंच, असं माझं मत होतं. पण धोंडूला एका शिमग्याला काम सांगितलं तर ते दुसऱ्या शिमग्याला मिळायचं, तेही आपण पालीला जाऊन त्याच्या पडवीत ठाण मांडलं तर. बाळ जन्मल्यावर बारशाला उरतात बारा दिवस. तेवढ्यात धोंडूचं लाकूडसुद्धा निवडून होत नाही. कुणाचा तरी मागून आणावा, तर ते माझ्या मानी स्वभावाला झेपेना. इतक्या वर्षांनी येणारं माझं लेकरू काय मागून आणलेल्या वस्तूत निजणार?

या पेचात असतानाच बोटीवरून एका गोऱ्या इंजिनियराचं सामान उतरलं. त्यात एक खुर्ची होती. त्याच्या हमालानं ती दाबली तर तिचं टेबल झालं, आणि उलटी केली तर खाट. मी खिडकीतून बघतच राहिलो. जी खुर्ची टेबल होऊ शकते ती आणखीही काही होऊ शकेल. आणि होईपर्यंत ती खुर्चीच. पोर जन्मायच्या आधी खुर्ची आणू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? त्या दिवशी मी दोघांना दाभोळऐवजी जयगडची तिकिटं दिली, इतका मला आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी पाली गाठली. धोंडू पडवीत रंधा मारत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. फणसाच्या लाकडाची आरामखुर्ची. पाठ मागे पाडली की पाहुण्यांसाठी बाकडं. उभी उलगडली की माळ्यावर चढायला शिडी. फळी ओढली की लिहायचं मेज. धोंडू रंधा बाजूला ठेवून ऐकत होता.

"रगूभाव, खुर्ची सांगा, करतो. शिडी सांगा, करतो. दोनी एकात सांगशीला तर बसताना चढल्यागत व्हईल आन चढताना बसल्यागत."

"तू कर तर खरं. आणि चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या हव्यात. भक्कम. दोरी ओवता येईल अशा."

"खुर्चीला कड्या कशापायी?"

"त्या... पाचव्या कामासाठी."

"पाचवं काय?"

मी इकडंतिकडं पाहिलं आणि हातानं झोका दाखवला. धोंडूचा चेहरा उजळला आणि तो अख्ख्या पालीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आसां! पाळणा व्हय!"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. "खुर्ची," मी म्हणालो. "ही खुर्ची आहे. कुणीही विचारलं तरी खुर्ची."

"मंग सरळ पाळणाच करतो की. वैनी बाळंत झाल्या की धाडून देतो. माज्याकडं राहील, तुमच्या घरात न्हाय."

त्याचं बोलणं शहाणपणाचं होतं. पण तोवर ती पंचकामी खुर्ची माझ्या डोक्यात पक्की बसली होती, आणि शिवाय धोंडूच्या घरी पाळणा टांगून ठेवला, त्यात त्याची नातवंडं खेळली, हे मला कसं चालावं? मी म्हटलं, मी सांगतो तसंच कर.

शेजारी सखाराम मास्तर राहतात. पेन्शनीत निघालेले, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूत सुधारणा सुचवणं हाच आता त्यांचा उद्योग. खुर्चीची कुणकुण त्यांना लागलीच. त्यांच्या खिशात एक विलायती चाकू असतो. त्याला कात्री, कानस, बुचं काढायचा स्क्रू आणि दात कोरायची काडी जोडलेली आहे. सुपारी मात्र ते अडकित्त्यानं कातरतात. "रघुनाथ, पाचांवर थांबू नकोस," ते म्हणाले. "पुस्तक ठेवायला उतरती फळी घाल. छत्री अडकवायला खुंटी घाल. हाताखाली पानाच्या डब्यापुरता खण कर." मी भिडस्त माणूस. दर खेपेला पालीला निरोप धाडत गेलो. धोंडूनं शेवटच्या निरोपावर उलट निरोप पाठवला की आता बसायला जागा उरलेली नाही, तेवढी ठेवू काय?

फाल्गुनात खुर्ची तयार झाली. धोंडूच्या मानानं हे फारच लवकर. मी स्वतः बैलगाडी घेऊन गेलो आणि ती पोत्यांत गुंडाळून आणली. गावात शिरताना जकातीचं नाकं लागतं. तिथल्या कारकुनानं पोतं बाजूला केलं आणि विचारलं, "हे काय?"

"खुर्ची."

तो दरपत्रक उघडून बसला. मग गाडीभोवती एक फेरी घातली. "पायऱ्या आहेत. शिडी दिसते."

"शिडीही होते."

"मग घरसामानात धरू, का इमारतीच्या लाकडात? आणि ही फळी? मेजाचा दर वेगळा आहे." त्यानं एक कडी वाजवून पाहिली. "या कड्या कशाच्या? पाळणा आहे होय? तसं सांगा ना. बाळंतिणीच्या सामानावर आम्ही काही घेत नाही. सुखानं जा."

मला तिथंच सुटता आलं असतं. नुसतं 'होय' म्हणायचं होतं. पण पोर यायच्या आधी भर रस्त्यात, चारचौघांसमोर, मी माझ्या तोंडानं तो शब्द मान्य करायचा? मी छाती काढून म्हणालो, "खुर्चीच आहे."

"मग बसून दाखवा."

गाडीतून खुर्ची उतरवली आणि मी नाक्यावर, भर उन्हात, कोल्हापूरच्या रस्त्याच्या मधोमध बसलो. एव्हाना मागं गाड्या खोळंबल्या होत्या आणि गाडीवान उतरून जवळ आले होते. मी पाय पसरून टेकलो मात्र, कुठली तरी खुंटी निसटली आणि पाठ सरळ उभी राहिली, बसायची फळी खाली गेली, आणि मी तिसऱ्या पायरीला लोंबकळत राहिलो. माझी टोपी छत्रीच्या खुंटीवर नीट अडकली होती. तेवढं एक काम मात्र तिनं बिनचूक केलं.

"शिडी," असं म्हणून कारकुनानं लिहून घेतलं. मग मेज लिहिलं आणि खुर्चीही लिहिली. मी तीन वस्तूंची जकात भरून एक वस्तू घरी आणली. संध्याकाळपर्यंत हापिसच्या खिडकीवर लोक तिकीट न घेता नुसतेच डोकावून जाऊ लागले.

घरी आत्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग कड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रघ्या, या कड्या कसल्या?"

"उचलून न्यायला. हलवाहलवीला बऱ्या."

"खुर्चीला पाय असतात. कड्या कशास असतात ते मला सांगायला नको. माझे केस काय उन्हानं पांढरे झाले?"

विमला दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला आणि ती आत गेली. आत्यानं सूप बाजूला ठेवलं आणि निकाल दिला, की देवाला कौल लावायचा. देव म्हणेल तर खुर्ची राहील, नाहीतर आल्या गाडीनं पालीला परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. दादू गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादूनं विचारलं, काय गाऱ्हाणं घालू? एकाच वस्तूकडून पाच कामं करून घ्यायची सवय त्या महिन्यात माझ्या अंगात इतकी भिनली होती, की मी म्हटलं, "असं घाल. ही वस्तू घरात ठेवावी काय, ती खुर्चीच समजावी काय, आणि घरातलं माणूस सुखरूप सुटेल काय."

दादू माझ्याकडे बघत राहिला. "रगूभाव, ह्ये तीन झाले. देवास येका टायमाला येकच इचारतात."

"तीनदा त्रास कशाला द्यायचा? एकदमच विचार."

दादू जरा घुटमळला, पण माझी तिकिटाची खिडकी त्यालाही लागायची. त्यानं गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. सखाराम मास्तर मागं उभं राहून म्हणाले, देव प्रश्नाची फोड करत असावा. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

"झालं," मी म्हणालो. "तिन्हीला होकार."

"कशावरून?" मास्तर म्हणाले. "तर्कशास्त्राप्रमाणे फक्त पहिल्याला असेल. किंवा दोन होकार आणि एक नकार, मिळून होकार."

दादू म्हणाला, त्याच्या बापाच्या वेळेपासून असला घोळ झाला नव्हता, पुन्हा लावू काय? तेव्हा आत्या पुढं आली. तिनं ती पाकळी उचलली, डोळ्यांना लावली आणि पदरात बांधली. तिचे डोळे भरले होते. "काही नको पुन्हा लावायला," ती म्हणाली. "देवानं शेवटचं ऐकलं. मला तेवढंच हवं होतं. बाकी तुझी खुर्ची तू बघ." माझ्या या आत्याला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. वाटेत मीच दोनदा उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

अशी खुर्ची ओटीवर राहिली. ती बसायला वाईट होती, चढायला बरी होती, आणि लिहायला घेतलं तर दौत उताराकडे चालू लागायची. येणाऱ्याजाणाऱ्याला कड्यांची चौकशी केल्यावाचून राहवत नसे. कुणाला मी त्या ओल्या कपड्यांसाठी आहेत म्हणून सांगितलं, तर कुणाला बोटीवरची पद्धत म्हणून. बोटीवर हेलकावे बसतात, तेव्हा खुर्ची बांधून ठेवावी लागते, हे मी इतक्यांदा सांगितलं की मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

चैत्रात एका दुपारी मी हापिसातून लवकर आलो, तर विमला माजघरात काहीतरी शिवत होती. मला पाहून तिनं ते पदराखाली घेतलं. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं काहीतरी होतं.

"काय गो ते?"

"काही नाही. तुमच्या खुर्चीला गादी करतेय. पाठ दुखते म्हणता ना."

मी ते हातात घेतलं. वीतभर रुंद आणि हातभर लांब. माझ्या पाठीचा एक मणकासुद्धा त्यावर टेकला नसता. कडेला बारीक टाक्यांची वेल काढायला घेतली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझी खुर्ची पहिल्याच दिवशी ओळखली होती, हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो आणि दोघांनाही ते जमत नव्हतं.

"चांगली झालीय," मी म्हणालो. "माझ्या पाठीला अगदी बेताची होईल."

"कडेला आणखी एक रांग घालते," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

वैशाखात विमला सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. मी हापिसात होतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी गहिवरून मुंबईचं तिकीट फुकट देऊ लागलो, तेव्हा त्यानंच माझा हात धरला. पोर काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आवाज बोटीच्या भोंग्याला मागं सारील असा. आत्यानं तिच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बारशाचं बघा."

बारशाच्या आदल्या दिवशी माझे सासरे, केरूमामा, गुहागरहून बोटीनं आले. विमलाची आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं, आणि मामांना त्याची टोचणी होती. सुपारीच्या बागा असलेला हा गृहस्थ देहानंही बागाईतदार आहे. सोबत नारळ, सुपाऱ्या, आंब्यांच्या करंड्या आणि नातीसाठी चांदीचा वाळा. ओटीवर आले, खुर्ची बघितली आणि बसले. खुर्ची कण्हली, पण उभी राहिली. "जावईबापू, काय झ्याक खुर्ची केलीत हो," असं म्हणून त्यांनी पाय पसरले. रात्रीचं जेवण झाल्यावर तिथंच निजले. सकाळी तोंड धुवायला उठले ते परत येऊन बसले.

दुपारी आळीतल्या बायका जमल्या. दाराला तोरण लागलं, ताटात हळदकुंकू, घुगऱ्या, सगळं मांडून झालं. आत्यानं विचारलं, "टांगायचं काय?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "सगळं तयार आहे. दोन मिनिटांत होतं." आणि ओटीवर आलो तर माझ्या लेकीचा पाळणा मामांच्या खाली होता, आणि मामा घोरत होते.

सासऱ्याला जावयानं 'उठा' म्हणायचं नसतं. मी खोकलो. मास्तर खोकले. आम्ही दोघं मिळून खोकलो. शेवटी आतून माझ्या लेकीनंच भोंगा दिला, तेव्हा मामा दचकून उठले, आणि उठताना खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांनी आपला सगळा भार टाकला. आत काहीतरी कडकन् मोडलं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायका खोळंबल्या होत्या. मास्तरांनी आपल्या चाकूची कानस काढली, स्क्रू काढला, आणि शेवटी चाकू ठेवून दगडानं खुंटी ठोकली. आम्ही खुर्ची उलटी केली, चार कड्यांत दोर ओवले आणि माजघराच्या आढ्याला ती टांगली. दिसायला पाळणा दिसत होता. फक्त मधून छत्रीची खुंटी वर आलेली होती, तिला आत्यानं लाल फडकं गुंडाळलं.

आता आमच्याकडे रीत अशी, की बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा. त्याला कुंची घालायची, हळदकुंकू लावायचं, आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या वरून खालून फिरवायचा. आत्यानं कुंची घातलेला वरवंटा मोठ्या मायेनं विमलानं शिवलेल्या त्या गादीवर ठेवला आणि पाळण्याला हलका झोका दिला.

एक झोका नीट गेला. दुसऱ्याला बुडाची फळी सुटली, पायऱ्या उलगडल्या, आणि आमचा पाळणा सगळ्यांदेखत आढ्यापासून जमिनीपर्यंत उभी शिडी झाला. कुंची घातलेला वरवंटा धाडकन् खाली आला आणि सारवलेल्या जमिनीला खळगा पाडून लोळत मामांच्या पायाशी गेला.

गाणं म्हणणाऱ्या बायका तोंड उघडं ठेवून थांबल्या. आत्या पांढरी पडली. आमच्या घरात जे दोनदा होऊन गेलं होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकजण विमलाकडे बघायचं टाळत होता. मी काय टांगलं होतं तिथं, असं मनात आलं.

विमला भिंतीशी पाटावर बसली होती. पोर तिच्या मांडीवर, टक्क जागी. विमलानं त्या शिडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग वरवंट्याच्या वाकड्या कुंचीकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. आधी ओठांत, मग मोठ्यानं. बाळंतिणीनं इतकं हसू नये म्हणतात. तिचं हसू थांबेना. ती हसते म्हणून आत्या हसली, मग बायका हसल्या, आणि मामा तर पायाशी आलेला वरवंटा उचलून 'कुणी गोविंद घ्या' म्हणू लागले.

डोळे पुसून विमला म्हणाली, "आता पुरे झालं. तुळसाकाकी, तुमच्याकडे पाळणा आहे ना? साधा पाळणा. तो द्या मला."

त्या घरात इतक्या महिन्यांत तो शब्द प्रथम उच्चारला गेला, आणि तो तिनं उच्चारला. आत्यानं तोंडावर हात नेला आणि मग खाली घेतला.

तुळसाकाकी आळीच्या टोकाला राहतात. नवरा बोटीवर खलाशी, आणि पोरं चार, सगळी धडधाकट. "आहे तर," त्या म्हणाल्या. "सगळी त्यातच वाढली. पण माळ्यावर टाकलाय गो, आणि आमची शिडी वाळवीनं खाल्ली."

सगळ्यांनी आढ्याला टांगलेल्या शिडीकडे पाहिलं. मी दोर सोडले, ती खांद्यावर घेतली आणि काकींच्या मागून निघालो. त्यांच्या माळ्याला ती टेकवली आणि वर चढलो. ती तसूभर हलली नाही. धोंडू चांगला सुतार आहे, आणि शिडी म्हणून त्याचं ते काम उत्तम होतं. पुढं मी ती काकींनाच देऊन टाकली, आणि अजून ती त्यांच्याकडे शिडीच आहे.

पाळणा खाली आला. सागवानी, जुना, पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. वर दोरीला लाकडी पोपट, त्यातल्या एकाची चोच कुणीतरी चावून खाल्लेली. त्याला ना पायऱ्या होत्या ना खण. पोर निजवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. काकींनी तो पुसला, आणि रिकामा न्यायचा नाही म्हणून त्यात नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले. "माझा बाबू आला की धाडते त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला डोक्यावर घेता भाऊ? लोक बघतील."

"बघू देत," मी म्हणालो, आणि टोपी काढून खिशात घातली.

पाळणा डोक्यावर घेऊन मी बाहेर पडलो. कोपऱ्यावर कापडवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली.

"रघूभाऊ, आज काय? नवी खुर्ची?"

"पाळणा," मी म्हणालो. "मला मुलगी झालीय. तिचा पाळणा नेतोय."

मासळीवाल्या कोळणीनं टोपली उतरवून विचारलं, तिलाही सांगितलं. पानवाल्याला त्यानं न विचारताच सांगितलं. हापिसचा हमाल भेटला, तो हात लावायला पुढं आला, त्याला म्हटलं, राहू दे, मीच नेतो. नारळ आत इकडून तिकडं गडगडत होता आणि पोपट कपाळावर आपटत होते.

काकींच्या दारापासून आमचं दार हाकेवर आहे. घरी बायका खोळंबल्यात, गाणं अर्धवट राहिलंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी बाजारातून वळसा घेऊन गेलो.